मुंबई ते दुबई : विमानाचे तीन तास, घराचे पंचवीस

बचत गटात आपण दर महिन्याला हिशोब करतो. कर्ज किती, हप्ता किती, व्याज किती, सगळं वहीत. आज हिशोबच करायचा आहे, पण तो पैशांचा नाही. मुंबईचं विमानतळ आणि दुबईचं विमानतळ यांच्यामध्ये अंतर किती, विमानाला वेळ किती लागतो, आणि तिकडून निघालेलं आपलं माणूस आपल्या उंबऱ्यावर कधी पोचतं, एवढाच विषय आहे.

आमच्या राजापूर तालुक्यात अशी वाडी सापडणं कठीण, जिथलं कोणी आखातात नाही. कोणाचा नवरा दुबईला, कोणाचा भाऊ मस्कतला, कोणाचा मुलगा कतारला. त्यामुळे दुबई हे नाव आमच्या बायकांना कोल्हापूरपेक्षा जास्त ओळखीचं. पण किती लांब आहे असं विचारलं तर उत्तर एकच : "विमानाने तीन तास." आम्हीही हेच सांगायचो. सहयोगिनी म्हणून सहा गावं फिरतो, चार पुस्तकं वाचलेली आहेत, मोबाईलवर बघता येतं, म्हणून बायका विश्वासाने विचारतात. त्या विश्वासावर आम्ही एकदा चुकीचं उत्तर दिलं. तेच आज आधी सांगतो.

गेल्या पौषातली गोष्ट. गटातल्या एका काकींचे यजमान पहाटे चार वाजता गेले. मुलगा दुबईत, जबल अलीच्या बाजूला कामाला. घरात रडारड, अंगणात माणसं जमलेली. काकींनी आमचा हात धरून विचारलं, "बाय, माझा झील कधी पोचंल?" आम्ही मोबाईल काढला. त्यात आलं, अंतर एक हजार नऊशे तीस किलोमीटर, वेळ तीन तास. आम्ही म्हटलं, "काकी, सकाळचं विमान धरलं तर संध्याकाळपर्यंत येईल."

साडेअकराला मुलाचा फोन आला, "अडीचचं विमान मिळालं." आम्ही बेरीज केली. अडीच अधिक तीन, म्हणजे साडेपाचला मुंबई. पुढे गाडीला सात तास, म्हणजे रात्री साडेबारा. जाणत्या माणसांनी म्हटलं, थांबूया, एकुलता एक मुलगा आहे. साखरीनाट्याच्या बंदरावरून मासळीचा बर्फ आणला. साडेपाच वाजून गेले, फोन नाही. सहा वाजले, नाही. सातला फोन आला की आत्ता उतरलो. रात्री दहाला विचारलं तर गाडी पेणच्या पुढे. बर्फ सकाळपासून तीनदा आणला होता, लांबून आलेली पाहुणेमंडळी ताटकळली होती, सकाळपासून कोणाच्या पोटात काही नव्हतं. शेवटी रात्री अकराला बॅटरीच्या उजेडात उचललं आणि पुतण्याने अग्नी दिला. मुलगा पहाटे पाच वाजता पोचला. तो घरी न येता थेट स्मशानात गेला.

खरा वेळ आम्हाला सकाळीच सांगता आला असता तर दोन मार्ग होते. एक, दुपारी बारापर्यंत सगळं नीट उरकायचं. किंवा रत्नागिरीहून थंड शवपेटी मागवून दुसऱ्या सकाळपर्यंत मुलासाठी थांबायचं. कोणता निवडायचा हा काकींचा अधिकार होता. आमच्या तीन तासांमुळे त्यांना दोन्हींपैकी एकही मिळाला नाही. त्यानंतर आम्ही हा हिशोब नीट समजून घेतला, तो असा.

पहिली गोष्ट अंतराची. मोबाईलवर दिसतं ते सुमारे १,९३० किलोमीटर म्हणजे एका धावपट्टीपासून दुसऱ्या धावपट्टीपर्यंत पृथ्वीच्या गोल पाठीवरून ताणलेली सगळ्यात जवळची रेघ. बैठकीत आम्ही कलिंगड आणि दोरा घेऊन दाखवलं. कलिंगडावर दोन टिकल्या लावायच्या आणि दोरा ताणून धरायचा. दोरा बसतो ती वाट. विमान साधारण त्याच वाटेने मुंबईहून अरबी समुद्रावरून वायव्येला जातं आणि ओमानच्या बाजूने दुबईत शिरतं. अगदी रेघेवरून मात्र जात नाही. आकाशातही ठरलेले रस्ते असतात, कुठे युद्ध किंवा भांडण असेल तर रस्ता बंदही होतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना खाली अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला. मुंबईची विमानं आधीपासून समुद्रावरूनच जातात, त्यामुळे आपल्याकडे त्याचा त्रास कमी.

आता वेळ. मोठं प्रवासी विमान वर पोचल्यावर ताशी साडेआठशे ते नऊशे किलोमीटर वेगाने जातं. त्या वेगाने १,९३० किलोमीटर जायला सव्वादोन तास पुरायला हवेत. मग तिकिटावर तीन तास का? कारण तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. आपली एसटी डेपोतून निघाली तरी हायवेला लागेपर्यंत वेळ जातो, तसंच इथेही. धावपट्टीपर्यंत हळूहळू जायचं, पुढची विमानं उडेपर्यंत रांगेत थांबायचं, मग चढायला वीसेक मिनिटं, उतरायला त्याहून जास्त. मुंबईत गर्दी असेल तर उतरण्याआधी आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात. शिवाय विमान कंपन्या वेळ थोडा हात राखून लिहितात.

जाण्याचा आणि येण्याचा वेळही सारखा नसतो. मुंबईहून दुबईला जाताना तिकिटावर सव्वातीन तासांच्या आसपास असतं, दुबईहून मुंबईला येताना पावणेतीन ते तीन. हे वाऱ्यामुळे होतं. विमान उडतं त्या उंचीवर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. येताना तो पाठीवर घेतात, जाताना छातीवर. होडीवाल्याच्या घरातल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. आमच्या आजेसासऱ्यांच्या पिढीत खलाशी लोक गलबतातून याच वाटेने जायचे, तेव्हा तर सगळं वाऱ्यावरच होतं. दिवाळीनंतर वारा फिरला की निघायचं आणि पावसाआधीच्या वाऱ्यावर परत यायचं. तेव्हा दुबईत आपला रुपयाच चालायचा, १९६६ पर्यंत.

आम्ही सगळ्यात जास्त फसलो ते घड्याळात. दुबईचं घड्याळ आपल्या मागे आहे, दीड तास. आपल्याकडे पहाटेचे चार तेव्हा तिथे रात्रीचे अडीच. सूर्य पूर्वेला आधी उगवतो आणि दुबई आपल्या पश्चिमेला आहे, म्हणून. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. मुंबई आणि दुबईत साधारण साडेसतरा अंशांचा फरक आहे, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने जेमतेम सत्तर मिनिटं. पण देश आपापलं घड्याळ ठरवतात. आपण सगळा भारत मिळून एक वेळ धरतो, ती मुंबईच्या नव्हे तर पार उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळच्या रेखावृत्ताची. म्हणून फरक पूर्ण दीड तासाचा झाला.

तिकिटावर निघण्याची वेळ निघतो त्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचतो त्या गावची. हे एवढंच आम्हाला माहीत नव्हतं. मुलाने सांगितलेले अडीच दुबईचे होते, आपले चार. चारमध्ये पावणेतीन-तीन तास मिळवले की सात वाजतात. आम्ही साडेपाच म्हणून बसलो आणि सगळा गाव फोनकडे बघत बसला. तिकीट नुसतं वाचलं असतं तरी कळलं असतं, त्यावर उतरण्याची वेळ छापलेली होती, आणि ती मुंबईचीच होती. मुलगा घाईत, त्याने फक्त सुटण्याची वेळ सांगितली आणि आम्ही दुसरी विचारली नाही.

उलट जाताना हेच तिकीट वेगळीच गंमत करतं. सकाळी दहाला मुंबईहून निघालेलं विमान पावणेबाराला दुबईत पोचलं असं छापलेलं दिसतं. एका वहिनींनी ते वाचून आम्हाला विचारलं होतं, "पावणेदोन तासांत कसं गेलं?" त्या घड्याळात दीड तास मिळवायचा, म्हणजे सव्वातीन तास बरोबर येतात.

घड्याळाचा आणखी एक फटका, तारखेचा. तिकिटांवर चोवीस तासांची वेळ लिहितात. पंधरा तारखेला ००:३० असं लिहिलेलं असेल तर ते पंधराचं दुपारचं नाही आणि पंधराच्या रात्रीचंही नाही. चौदाची रात्र उलटून अर्धा तास झाला की ते विमान सुटतं. म्हणजे चौदाला संध्याकाळी नऊच्या सुमारास विमानतळावर हजर पाहिजे, आणि आमच्या गावातून चौदाला सकाळीच निघायला पाहिजे. पंधराला पोचून हात हलवत परतलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच.

आता त्या पंचवीस तासांचं काय झालं ते बघूया. आम्ही नंतर मुलाला बसवून विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. वेळा सगळ्या आपल्या घड्याळाच्या.

पहाटे चारला वडील गेले. मुलाने फोन पाहिला साडेसहाला, कारण रात्री तो गप्प करून ठेवलेला. साहेब भेटून रजा मिळाली साडेनऊला. पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात, ते उघडलं साडेदहाला. मग तिकीट. सकाळची विमानं भरलेली, मिळालं ते आपल्या चारचं. जबल अली ते विमानतळ चाळीसेक किलोमीटर, आणि परदेशी विमानाला तीन तास आधी जावं लागतं, कारण साधारण तासभर आधी खिडकी बंद होते. चार ते सात विमानात. सात ते आठ मुंबईत उतरून पासपोर्टची रांग, सामान, बाहेर गाडी शोधणं. आठ ते पहाटे पाच अंधेरी ते आमचं गाव, सुमारे ३८० किलोमीटर, नऊ तास. यात विमानाचे तीन तास तेवढे आम्ही मोजले होते. निघण्याआधीचे बारा आणि उतरल्यानंतरचे दहा कोणी मोजलेच नव्हते.

बघा, समुद्रावरचे १,९३० किलोमीटर तीन तासांत, आणि आपल्या हायवेचे ३८० किलोमीटर नऊ तासांत! या हायवेबद्दल रेडिओवर बोलू तितकं कमी, म्हणून सोडून देतो. पावसाळा असता तर आणखी वेळ लागला असता, आणि कोकण रेल्वेही पावसाळी वेळापत्रकात हळू चालते.

म्हणून दुबईहून जवळचं विमानतळ कोणतं असं विचारण्यापेक्षा आपल्या घराला जवळचं कोणतं ते विचारावं. गोव्यात पेडण्याजवळ मोपाचं विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झालं. दुबई ते मोपा रेघ ताणली तर सुमारे २,२०० किलोमीटर होतात. मुंबईपेक्षा २७० जास्त, विमानाला वीसेक मिनिटं. पण मोपाहून राजापूर सुमारे १४० किलोमीटर. आकाशातली वीस मिनिटं जास्त घेऊन रस्त्यावरचे पाच-सहा तास वाचतात. गल्फमधून मोपाला थेट येणारी विमानं मुंबईच्या मानाने फार थोडी, रोज मिळेल असं नाही. मुंबईला उतरून गोव्याचं दुसरं विमान धरायचं असाही मार्ग असतो, त्यात मधली तीन-चार तासांची खोटी मात्र धरावी लागते. त्या दिवशी मोपाला काही होतं का? आम्ही बघितलंच नाही. दुबई म्हणजे मुंबई असं आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

तिकडच्या बाजूलाही तसंच. दुबईला जागा नसेल तर शारजाचं विमानतळ तिथून पंचवीसेक किलोमीटरवर आहे, अबू धाबीचं दीड-दोन तासांवर. आणि स्वतः दुबईत दोन विमानतळं आहेत, तशी आता मुंबईच्या बाजूलाही दोन झाली. उलव्याचं नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून चालू आहे. ते पनवेलच्या अलीकडे, म्हणजे आपल्या वाटेवर. तिथून आपल्याला हवं ते विमान आहे का ते तिकीट काढताना विचारावं, आणि काढल्यावर कोणत्या विमानतळाचं आहे ते दोनदा वाचावं. गाडीवाला सहारला उभा आणि माणूस उलव्याला, असं झालं तर दोन तास तिथेच गेले.

रजेचंही सांगायला हवं, कारण या वेळेशी तिचा संबंध आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणे खासगी कंपनीतल्या माणसाचे आई, वडील, मूल किंवा भावंड गेलं तर तीन दिवस पगारी रजा मिळते, नवरा किंवा बायको गेली तर पाच दिवस. घरकामाला गेलेल्या बायकांसाठी कायदा वेगळा आहे. आता तीन दिवसांतला एक दिवस असा यायला गेला, जायलाही जवळपास तेवढाच जातो. काकींचा मुलगा चौथ्या दिवशी विमानात होता, बिनपगारी रजा मागून दहाव्याला परत आला नाही, कारण तिकिटाचे पैसे नव्हते. लोकांनी त्याला नावं ठेवली. आम्हाला वाटतं त्यांनी आधी ही बेरीज करून बघायला हवी होती.

पासपोर्टचा तास तर कधीही वाचवता येण्यासारखा आहे. कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेऊ नये असा तिथलाच नियम आहे. ज्यांचा ठेवून घेतला आहे त्यांनी भांडण नको म्हणून गप्प राहणं आम्ही समजू शकतो, पण निदान कपाटाची चावी कोणाकडे आहे आणि सुट्टीच्या दिवशी तो माणूस कुठे भेटतो एवढं विचारून ठेवायला हरकत नाही. पासपोर्ट हरवलाच तर दुबईतली भारताची वकिलात फक्त परत येण्यापुरता आणीबाणीचा दाखला देते. त्यालाही वेळ जातो.

आता आमच्या गटात एक जुनी वही या कामाला ठेवली आहे. ज्या घरचं माणूस बाहेर आहे त्या घराला एक पान. वर माणसाचं नाव नाही, फक्त घराचं. खाली तो राहतो ती जागा आणि तिथून विमानतळ किती लांब, खोलीतल्या सोबत्याचा नंबर, म्हणजे त्याचा फोन गप्प असला तर दुसऱ्याचा वाजेल. साहेबाचा नंबर. पासपोर्ट कुठे आहे. घड्याळातला फरक : दुबई आणि मस्कत दीड तास मागे, कतार, कुवेत, सौदी अडीच तास मागे. त्याखाली रत्नागिरीच्या शवपेटीवाल्याचा नंबर. तो लिहिताना एका आजींनी "असलं अभद्र कशाला" म्हणून तोंड फिरवलं, मग दुसऱ्या बैठकीत स्वतःच येऊन विचारलं की त्याला पैसे किती द्यावे लागतात.

या पौषात काकींच्या यजमानांचं वर्षश्राद्ध आहे. मुलगा येतो आहे, या वेळी वाटेत एकदा विमान बदलून मोपाला. तिकीट आल्यावर काकींनी ते बैठकीत आणलं. आम्ही बेरीज केली, काकींनीही बोटांवर केली. त्यांची अर्धा तास जास्त आली, कारण पासपोर्टची रांग आणि सामान मिळून त्यांनी दीड तास धरला होता, आम्ही एकच. वहीत आम्ही काकींची बेरीज लिहिली आणि जीपवाल्याला तीच वेळ सांगितली.